थंडीने राखून ठेवलेला चिखल

डिसेंबरात सकाळी लवकर गोंदियाजवळच्या परसवाडा तलावावर किंवा अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या नवेगावबांधला गेले, की डोके पाण्यात आणि शेपटी आकाशाकडे करून चरणारी बदके दिसतात. नराची शेपटी लांब आणि टोकदार असते, म्हणून मराठीत त्याचे नाव तलवार बदक. उथळ पाण्याखालच्या चिखलातून बिया, कंद, किडे शोधून खाणे हा त्याचा हिवाळाभराचा उद्योग. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन तापू लागले की ही बदके उत्तरेकडे निघतात. उत्तर आशियातल्या दलदलींत, थेट सायबेरियाच्या टुंड्रापर्यंत त्यांची घरटी असतात. तिथेही ती चिखलातच चरतात. फरक एवढाच, की तिथल्या अनेक दलदलींत वरचा हात-दीड हाताचा थर उन्हाळ्यात सुटतो आणि त्याखालचा चिखल बारा महिने गोठलेला राहतो. काही ठिकाणी तो हजारो वर्षांपासून गोठलेला आहे. आता तो वितळू लागला आहे, आणि त्याचा हिशेब जगभरच्या शास्त्रज्ञांना करावा लागतो आहे.

हा हिशेब समजून घ्यायला सायबेरियात जायची गरज नाही. गावातल्या बोडीच्या काठाशी काठी खुपसून तळ ढवळला तरी पुरते. बुडबुडे वर येतात आणि फुटतात. इटलीतला शास्त्रज्ञ अलेसांद्रो व्होल्टा याने १७७६ साली माज्जोरे सरोवराच्या काठी नेमके हेच केले होते. काठीने चिखल ढवळला, वर आलेले बुडबुडे बाटलीत धरले आणि ती हवा पेटते हे दाखवले. तो वायू म्हणजे मिथेन. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तोच.

चिखलात मिथेन तयार होतो कसा? पान उघड्यावर पडले तर जिवाणू आणि बुरशी हवेतला प्राणवायू वापरून ते कुजवतात आणि त्यातल्या कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो. तेच पान पाण्याखाली गाडले गेले तर गोष्ट बदलते. हवेत प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. साहजिकच चिखलातला प्राणवायू लवकर संपतो. मग ज्यांना प्राणवायू सोसत नाही असे अतिप्राचीन सूक्ष्मजीव कामाला लागतात आणि त्यांच्या कामातून मिथेन बाहेर पडतो. हवाबंद कुजणे नेहमीच संथ असते. त्यात थंडीची भर पडली तर ते जवळजवळ थांबते. उत्तरेच्या दलदलींत नेमके हेच झाले. दर वर्षी उगवलेल्या शेवाळातले आणि गवतातले थोडेसे न कुजता उरत गेले आणि त्यावर पुढच्या वर्षीचा थर बसत गेला. या तपकिरी, ओलसर, स्पंजासारख्या साठ्याला पीट म्हणतात. मराठीत त्याला रूढ शब्द नाही, कारण आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच. भारतात तो नीट पाहायचा तर निलगिरीच्या उंच पठारावर जावे लागते. तिथल्या दलदलीतल्या पीटचा अभ्यास करून रामन सुकुमार, आर. रमेश आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली गेल्या हजारो वर्षांतल्या मोसमी पावसाचा चढउतार मांडला होता.

गोंदिया-भंडाऱ्याचे मालगुजारी तलाव काही काल-परवाचे नाहीत. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधल्याचे सांगतात. कोहळी समाजाने गोंड राजवटीत बांधलेले असे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत, त्यातले कित्येक दोन-तीनशे वर्षांचे. इतक्या वर्षांत त्यांच्या तळाशी गाळ भरपूर साचला, पीट मात्र साचला नाही. दर उन्हाळ्यात पाणी मागे सरते, तळाला भेगा पडतात, पारा ४५ अंशांकडे जातो आणि वर्षभराचे सगळे कुजके-नासके सूक्ष्मजीव संपवून टाकतात. उरलेला गाळ शेतकरी बैलगाडीने, आता ट्रॅक्टरने, बांधीत नेऊन टाकतो. आपला चिखल म्हणजे रोज स्वयंपाक होऊन रोज भांडी घासली जाणारे घर आहे. उत्तरेचा चिखल म्हणजे कोठार. त्यात एका वर्षात साचतो तो थर जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर. म्हणजे दोन मीटर पीट साचायला दोन हजार वर्षांहून अधिक काळ लागतो.

त्या कोठाराचा आकारही पाहण्यासारखा आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार उत्तर गोलार्धातल्या पीटच्या जमिनी सुमारे ३७ लाख चौरस किलोमीटरवर पसरल्या आहेत. भारताच्या क्षेत्रफळाहून थोड्या अधिकच. त्यांत अंदाजे ४१५ अब्ज टन कर्ब साठलेला आहे आणि त्यातला जवळपास निम्मा, म्हणजे १८५ अब्ज टनांच्या आसपास, कायम गोठलेल्या प्रदेशातला आहे. पीट सोडून इतर गोठलेली मातीही धरली तर उत्तरेच्या गोठणभूमीतला कर्ब आजच्या सगळ्या वातावरणातल्या कर्बाच्या जवळपास दुप्पट भरतो.

(या पीटचा बराच भाग स्फॅग्नम नावाच्या शेवाळाचा असतो. ते आपल्या वजनाच्या कितीतरी पट पाणी शोषते आणि आजूबाजूचे पाणी आम्लधर्मी करते, त्यामुळे त्यात जंतू नीट वाढत नाहीत. पहिल्या महायुद्धात कापूस तुटपुंजा पडला तेव्हा ब्रिटनमध्ये हे शेवाळ गोळा करून, वाळवून जखमी सैनिकांच्या मलमपट्टीसाठी वापरले गेले. जो गुण जखम चिघळू देत नाही, तोच पीट कुजू देत नाही.)

प्राथमिक आरोग्य केंद्रात लशी ठेवायचा एक खास फ्रिज असतो. परिचारिका दिवसातून दोनदा, रविवारीसुद्धा, त्याचे तापमान वहीत नोंदवतात. ते २ ते ८ अंशांच्या आत राहिलेच पाहिजे. लशीच्या अनेक कुप्यांवर एक छोटा चौकोन असतो. उष्णता लागत गेली की तो काळवंडतो, आणि कुपी पुन्हा थंड केली तरी पूर्ववत होत नाही. उत्तरेची गोठणभूमी हा असाच एक फ्रिज समजा. तिच्या तापमानाची वहीही आहे. स्वीडनच्या उत्तर टोकाला आबिस्को येथे १९१३ पासून संशोधन केंद्रात हवामानाच्या नोंदी होत आहेत. तिथले वर्षाचे सरासरी तापमान पूर्वी शून्याखाली असे. गेल्या काही दशकांत त्याने शून्याची रेघ ओलांडली. १९७९ नंतर आर्क्टिक प्रदेश जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापला आहे. सायबेरियातल्या वेर्खोयान्स्क या गावी २० जून २०२० रोजी ३८ अंश तापमान नोंदले गेले आणि जागतिक हवामान संघटनेने पुढे त्यावर शिक्कामोर्तब केले. गोंदियाकर मे महिन्यातल्या ३८ अंशांना गारवा म्हणेल. पण ते गाव उत्तर ध्रुववृत्ताच्या पलीकडे, कायम गोठलेल्या जमिनीवर वसलेले आहे.

आबिस्कोजवळच्या दलदलीत पीटचे काही फूट उंचीचे उंचवटे असतात. त्यांना पाल्सा म्हणतात. त्यांच्या पोटात बर्फ असतो आणि त्याच्याच आधारावर ते उभे असतात. बर्फ वितळला की उंचवटा एका बाजूने खचतो, कडा तुटून पाण्यात पडते आणि कोरड्या माथ्याच्या जागी डबके होते. आता पुढे काय होणार हे पाण्यावर ठरते. पाणी निघून गेले आणि पीट कोरडा पडला तर हवा आत शिरते, कुजणे वेग घेते आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. शिवाय वाळलेला पीट पेटतो. सायबेरिया, अलास्का आणि कॅनडात अशा काही आगी हिवाळाभर बर्फाखाली धुमसत राहतात आणि वसंतात पुन्हा वर येतात. गोवरीचा निखारा राखेखाली रात्रभर टिकतो, तसेच. उलट पाणी साचून राहिले तर आपली बोडीतली गोष्ट सुरू होते आणि मिथेन सुटतो. मिथेन हवेत फार काळ टिकत नाही, साधारण दहा-बारा वर्षे. पण तेवढ्यात तो खूप काम करतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट, आणि वीस वर्षांच्या हिशेबात ८० पटींच्या आसपास धरतात.

खचलेल्या पाल्साच्या डबक्यात लव्हाळ्याच्या जातीची गवते उगवतात. त्यांच्या देठांत पोकळ नळ्या असतात. मुळांना चिखलात श्वास घेता यावा म्हणून वरून हवा खाली नेण्याची ती सोय. पण वाट दोन्हीकडून उघडी असते, त्यामुळे खालचा मिथेन त्याच नळीतून वर येतो. धानाच्या रोपाचेही अगदी असेच आहे. भरल्या बांधीतून जो मिथेन हवेत जातो, त्याचा मोठा भाग बुडबुड्यांतून नव्हे तर धानाच्या देठांतून जातो. तीन-चार हजार मैलांवरचे लव्हाळे आणि आमगाव-सालेकशाच्या बांधीतले धान एकाच तऱ्हेने श्वास घेतात.

यावरून उत्तरेत एक प्रचंड बॉम्ब फुटायच्या बेतात आहे, अशी वर्णने अधूनमधून छापून येतात. त्यांना आवर घालायला हवा. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या एका दलदलीत २०१५ मध्ये एक मोठा प्रयोग सुरू झाला. उघड्या छताची काचघरासारखी घरे उभारून आतली हवा आणि खालचा पीट वेगवेगळ्या प्रमाणात, ९ अंशांपर्यंत, अधिक तापवला गेला. फक्त खोलवरचा पीट तापवला तेव्हा सुरुवातीच्या वर्षभरात जुना कर्ब फारसा हलला नाही. जादा मिथेन येत होता तो मुख्यतः वरच्या थरातून. नंतर मात्र सगळे तापवलेले तुकडे, जे एरवी कर्ब साठवणारे होते, ते कर्ब गमावू लागले. जितके ऊन अधिक तितकी गळती अधिक. म्हणजे हा स्फोट नाही, गळका नळ आहे. आंतरराष्ट्रीय हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालाने गोठणभूमीतून सुटणाऱ्या कार्बन डायऑक्साइडचा अंदाज असा दिला: जग दर एक अंशाने तापले तर २१०० पर्यंत सुमारे १८ अब्ज टन कर्ब. अंदाजाची झेप मोठी आहे, ३ पासून ४१ पर्यंत. ताडून पाहायचे तर माणूस कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून आज दर वर्षी साधारण १० अब्ज टन कर्ब हवेत सोडतो. तेव्हा मुख्य गुन्हेगार अजूनही धुराडीच आहेत. पण धुराडे बंद करता येते. वितळू लागलेल्या दलदलीला तोटी नसते, आणि गेलेला कर्ब परत साचायला मिलिमीटर-मिलिमीटरने हजारो वर्षे लागतात. लशीच्या कुपीवरचा चौकोन आठवावा.

२०२२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष याहून थेट होता. माणसाने उत्सर्जन कितीही कठोरपणे कमी केले, तरी २०४० च्या सुमारास उत्तर युरोपचे हवामान पीट गोठलेला ठेवण्याइतके थंड उरणार नाही. पश्चिम सायबेरियाच्या उत्तर भागातला साठा मात्र वेळीच पावले उचलली तर वाचू शकतो. दवाखान्यात अशा स्थितीला काय म्हणतात ते सगळ्यांना माहीत आहे: एक बोट गेले, हात वाचवायचा आहे.

मिथेनचा विषय निघाला की बोट धानाकडेही दाखवले जाते. ते पूर्ण खोटे नाही. माणसाच्या उद्योगांतून निघणाऱ्या मिथेनपैकी जगभरच्या धानशेतीचा वाटा साधारण ८ ते १० टक्के आहे. पण भारताच्या बाबतीत एक जुनी गोष्ट सांगितलीच पाहिजे. १९९० च्या सुमारास अमेरिकी पर्यावरण संस्थेच्या अंदाजात भारतातल्या धानाच्या शेतांतून वर्षाला जवळपास ३ कोटी ८० लाख टन मिथेन निघतो असे मांडले गेले होते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतले डॉ. ए. पी. मित्रा यांनी १९९१ मध्ये देशभरच्या शेतांत प्रत्यक्ष मोजणीची मोहीम काढली. शेतात पेट्या उलट्या ठेवून, आत साचलेली हवा सुईने काढून तपासली गेली. आकडा आला सुमारे ४० लाख टन. नऊपटींहून अधिक फरक! कारण साधे होते. परदेशातल्या, सेंद्रिय द्रव्य भरपूर असलेल्या आणि सतत पाण्याखाली राहणाऱ्या शेतांचे आकडे भारतावर चिकटवले होते. आपल्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य कमी, आणि पावसावरची बांधी ओढ बसली की आपोआप वाळते. मोजल्याशिवाय निदान करू नये, हे वैद्यकाच्या पहिल्या वर्षात शिकवतात. पृथ्वीच्या बाबतीतही तेच लागू पडते.

तरीही जिथे पाण्यावर ताबा आहे तिथे करण्यासारखे आहे. इटियाडोहच्या कालव्यावर किंवा बोअरवर उन्हाळी धान घेणाऱ्याला पाणी सतत तुडुंब ठेवायची गरज नसते. भोके पाडलेला प्लास्टिकचा पाइप बांधीत उभा गाडायचा आणि आतले पाणी जमिनीखाली सुमारे १५ सेंटिमीटरपर्यंत उतरले की मगच पुढचे पाणी द्यायचे. फुलोऱ्याच्या वेळी मात्र पाणी तोडायचे नाही. या आलटून-पालटून ओलाव्याने मिथेन बराच घटतो, अनेक चाचण्यांत निम्म्याच्या आसपास, आणि पंपाचे बिलही वाचते. खरिपातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला हा सल्ला देणे म्हणजे थट्टा आहे. त्याची बांधी कधी भरणार आणि कधी वाळणार हे तो ठरवत नाही.

गोठलेल्या जमिनीतून फक्त वायू येतात असेही नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात रशियाच्या यमाल द्वीपकल्पात पारा ३५ अंशांपर्यंत गेला आणि रेनडियरचे कळप पटापट मरू लागले. दोन हजारांहून अधिक जनावरे गेली. रेनडियर पाळणाऱ्या भटक्या कुटुंबांतले अनेक जण रुग्णालयात दाखल झाले आणि १२ वर्षांचा एक मुलगा दगावला. रोग होता अँथ्रॅक्स, ज्याला आपल्याकडे जनावरांत फाशी आणि माणसांत काळपुळी म्हणतात. त्या भागात तो १९४१ नंतर दिसला नव्हता. या जंतूचे बीजाणू जमिनीत अनेक दशके तग धरतात, आणि गोठलेल्या जमिनीत तर अधिकच. जमीन नेहमीपेक्षा खोलवर सुटली आणि जुन्या मढ्यांतले बीजाणू वर आले, असे मानले जाते. पण दुसरा धागाही तितकाच महत्त्वाचा आहे. रोग दिसत नाही म्हणून २००७ मध्ये तिथे रेनडियरचे लसीकरण बंद केले गेले होते. उष्णतेने दार उघडले हे खरे, पण राखणदार आधीच काढून टाकला होता.

हे सायबेरियाचे झाले. तिथल्या मढ्यातला जंतू उडत गोंदियात येणार नाही. मात्र फाशीचे बीजाणू आपल्याही मातीत राहतात, म्हणून अचानक मेलेल्या जनावराच्या नाका-तोंडातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल तर ते फाडू नये, सोलू नये, मांस वाटू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवून ते चुना टाकून खोल पुरावे.

उत्तरेतून आपल्याकडे खरोखर येते ते तापमान. रोवणीच्या अमुक दिवशीच्या उकाड्यात वितळलेल्या पीटचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखवता येत नाही. तो सगळ्या जगाच्या तापात मिसळून येतो. पण तो ज्यांच्या अंगावर येतो ती माणसे ठाऊक आहेत. मे महिन्यात पहाटे जंगलात जाऊन तेंदूपत्ता तोडणारी. उन्हाळी धान कापणारी. आणि जुलैत पावसाने दडी मारली असताना गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून पऱ्हे रोवणाऱ्या बाया. मे महिन्यातली कोरडी झळ दिसते, तिची भीती वाटते आणि माणूस सावली शोधतो. जुलैतला दमट उकाडा फसवा असतो. पारा ३४-३५ वरच असतो, पण हवेत इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, आणि न वाळणारा घाम शरीर थंड करत नाही. वाकून काम करणाऱ्याला तापलेल्या पाण्याची वाफ खालून लागते ती वेगळीच. त्यात बाया शेतात लघवीची सोय नाही म्हणून दिवसभर पाणी पिणे टाळतात.

पूर्व विदर्भात याला आणखी एक धार आहे. गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर या पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. शरीरातले पाणी कमी झाले की सिकलसेलच्या रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे, छाती, पोट असह्य दुखू लागते. निरोगी माणसाला जी तहान एका लोट्याने भागते, ती या रुग्णाला रुग्णालयात आणू शकते. म्हणून ज्यांच्या कार्डावर सिकलसेलग्रस्त अशी नोंद आहे त्यांनी रोवणीच्या दिवसांत तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला पाणी घ्यावे. सोबत मीठ-साखरेचे पाणी किंवा ओआरएस ठेवावे. हायड्रॉक्सियुरियाची गोळी चालू असेल तर कामाच्या धांदलीत ती चुकवू नये. ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर दुखणे अंगावर न काढता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. रोवणीचा गुत्ता घेणाऱ्या मुकादमाने दुपारी बारा ते तीन काम थांबवून ते सकाळी लवकर आणि संध्याकाळी वाटून घेतले, तर रोवणी एक दिवस लांबते. जवळच्या झाडाआड साडीचा आडोसा बांधून लघवीची सोय केली, तर बाया पाणी पितात.